फोमच्या गाभ्याने धक्का किती झेलला, हे कसे मोजावे: सँडविच पॅनेलवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एफआरपीच्या (तंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकच्या) टाक्या आणि आच्छादने घडवणारे छोटे कारखाने जुने आहेत, सावलीला मेट्रोचे डबे तयार होतात आणि २८ ऑक्टोबर २०२४ रोजी सी-२९५ या वाहतूक विमानाच्या अंतिम जोडणीच्या कारखान्याचे उद्घाटनही याच शहरात झाले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेल्या कलाभवनाची परंपरा पुढे नेणाऱ्या, आज महाराजा सयाजीराव विद्यापीठात असलेल्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेतून बाहेर पडणारी येथील मराठी घरांतली मुले-मुली अशा कामांकडे वळतात, तेव्हा त्यांच्यापुढे लवकरच एक वस्तू येते: दोन पातळ, कडक थरांच्या मध्ये हलक्या फोमचा जाड गाभा बसवलेले सँडविच पॅनेल. वाकण्यास ते किती विरोध करते याचे गणित महाविद्यालयात शिकवले जाते, परंतु ते धक्का किती आणि कसा पचवते हे मात्र बहुधा प्रत्यक्ष कामावरच शिकावे लागते. त्या कामाची सुरुवात कोठून करावी आणि पुढे कोणत्या क्रमाने जावे, हे या लेखात सांगितले आहे.

नवशिक्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी असा असतो की, सर्वांत मजबूत फोम कोणता. माझ्या मते ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. धक्का शोषण्यासाठी गाभा वापरायचा असेल, तर पॅनेलच्या मागे असलेला माणूस, यंत्र किंवा सांगाडा जास्तीत जास्त किती बल सहन करू शकेल, हे आधी ठरवावे लागते, आणि त्या बलाच्या आत राहून शांतपणे चुरडत जाणारा फोम निवडावा लागतो. गरजेपेक्षा मजबूत फोम चुरडतच नाही, आणि तो चुरडला नाही तर धक्का जसाच्या तसा मागे पोहोचतो.

फोम दबतो तेव्हा आत काय घडते

फोमचा चौकोनी तुकडा दोन सपाट पट्ट्यांमध्ये संथपणे दाबला आणि प्रतिबल (दर क्षेत्रफळावरचे बल) व विकृती (मूळ जाडीच्या प्रमाणात दबलेला भाग) यांचा आलेख काढला, तर त्यात तीन भाग स्पष्ट दिसतात. पहिल्या भागात पेशींच्या, म्हणजे फोममधल्या सूक्ष्म कप्प्यांच्या, भिंती लवचिकपणे वाकतात व ताणल्या जातात, त्यामुळे रेषा सरळ आणि चढी असते. हा भाग बहुतेक कडक फोममध्ये चार-पाच टक्के विकृतीच्या आतच संपतो. त्यानंतर एखाद्या दुबळ्या थरातील पेशी कोसळतात, मग शेजारचा थर कोसळतो, आणि हे कोसळणे पुढे सरकत असताना प्रतिबल जवळजवळ एकाच पातळीवर राहते. आलेखातला हा लांब सपाट टप्पा म्हणजेच ऊर्जाशोषणाचे खरे क्षेत्र होय, कारण शोषलेली ऊर्जा म्हणजे आलेखाखालचे क्षेत्रफळ, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा या टप्प्याचा असतो. शेवटी बहुतेक पेशी मिटतात, भिंतीला भिंत टेकते आणि फोम घन प्लास्टिकसारखा वागू लागतो. या घनीकरणाच्या टप्प्यात रेषा एकदम उभी चढते.

हे वर्तन फोमच्या घनतेशी कसे बांधलेले आहे, याची सोपी सूत्रे पदार्थशास्त्रज्ञ लॉर्ना गिब्सन आणि मायकेल अ‍ॅशबी यांनी मांडली आणि आजही प्राथमिक अंदाजासाठी तीच वापरली जातात. फोमची घनता भागिले त्याच्या मूळ घन पदार्थाची घनता, याला सापेक्ष घनता म्हणतात. सपाट टप्प्याचे प्रतिबल साधारणपणे सापेक्ष घनतेच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते, आणि आलेख जेथे जवळजवळ उभा होतो ती विकृती १ वजा १.४ गुणिले सापेक्ष घनता इतकी असते. उदाहरणार्थ, घन पीव्हीसीची घनता सुमारे १४०० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली, तर १०० घनतेच्या पीव्हीसी फोमची सापेक्ष घनता ०.०७ येते आणि ती विकृती ०.९० निघते. प्रत्यक्ष उपयोगाची मर्यादा मात्र याच्या बरीच अलीकडे असते, कारण आलेख उभा होण्यापूर्वी बराच काळ वर चढत असतो. नेहमीच्या घनतांसाठी प्राथमिक हिशेब ०.६ विकृतीपर्यंतच करावा आणि पुढे चाचणीतून तो दुरुस्त करावा.

दीड घाताचा हा संबंध कागदावर निरुपद्रवी दिसतो, पण त्याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन शीटमध्ये घनतेचा दहा टक्के फरक पडला, तर सपाट टप्प्याच्या प्रतिबलात सुमारे पंधरा टक्के फरक पडतो. म्हणून कॅटलॉगमधली घनता न धरता, हातात आलेल्या प्रत्येक तुकड्याची घनता स्वतः काढावी.

पहिली पायरी: आधी बल, मग जाडी, मग फोम

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. दहा किलोग्रॅमची वस्तू एक मीटर उंचीवरून एका संरक्षक ठोकळ्यावर सपाट पडते असे धरू. तिची ऊर्जा वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराने ९८ ज्यूल येते आणि आदळण्याचा वेग सेकंदाला ४.४३ मीटर असतो. मागच्या सांगाड्याला ६ किलोन्यूटनपेक्षा जास्त बल पोहोचू द्यायचे नाही, ही आपली अट आहे, आणि ठोकळ्याचे माप ६० बाय ६० मिलीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३६०० चौरस मिलीमीटर आहे. याचा अर्थ सपाट टप्प्याचे प्रतिबल १.६७ मेगापास्कलच्या खालीच राहिले पाहिजे.

बाजारात सहज मिळणाऱ्या क्रॉसलिंक्ड (रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेल्या) पीव्हीसी फोमचे दाबबल ६० घनतेला सुमारे ०.९, ८० घनतेला सुमारे १.४, १०० घनतेला सुमारे २ आणि १३० घनतेला सुमारे ३ मेगापास्कल असते. ८० घनतेचा फोम घेतला, तर ०.६ विकृतीपर्यंत तो दर घनमीटरला १.४ गुणिले ०.६, म्हणजे ०.८४ मेगाज्यूल ऊर्जा शोषतो. येथे लक्षात ठेवण्याजोगी सोय अशी की, मेगापास्कलला विकृतीने गुणले की उत्तर थेट मेगाज्यूल प्रति घनमीटरमध्ये येते. ९८ ज्यूल पचवण्यासाठी लागणारी जाडी ३२ मिलीमीटर आणि मागे पोहोचणारे बल सुमारे ५ किलोन्यूटन निघते, म्हणजे अट पाळली जाते.

आता तोच ठोकळा १३० घनतेचा केला, तर लागणारी जाडी १५ मिलीमीटरवर येते आणि दर किलोग्रॅममागे शोषली जाणारी ऊर्जाही साडेदहा किलोज्यूलवरून जवळजवळ चौदा किलोज्यूलवर जाते. कॅटलॉग चाळणाऱ्याला हा फोम सर्व बाजूंनी सरस वाटेल. पण मागे पोहोचणारे बल १०.८ किलोन्यूटन होते आणि सांगाडा मोडतो. उलट बाजूला, ६० घनतेचा फोम बल ३.२ किलोन्यूटनवर ठेवतो, परंतु त्याला ५० मिलीमीटर जाडी हवी. जागा नाही म्हणून तो २५ मिलीमीटरचाच बसवला, तर ४९ ज्यूलच्या आसपास तो घनीकरणाला पोहोचतो आणि उरलेली निम्मी ऊर्जा पचवताना बल कितीतरी पटींनी उसळते. अती मऊ फोमचे हे अपयश अती कडक फोमच्या अपयशाइतकेच घातक असते, आणि ते लवकर ध्यानात येत नाही, कारण लहान धक्क्यांच्या चाचणीत असा फोम उत्तम वाटतो.

क्षेत्रफळ हा तिसरा हाताळण्याजोगा घटक आहे, आणि नवीन माणसे तो बहुधा विसरतात. ८० घनतेचाच फोम ५० बाय ५० मिलीमीटरचा घेतला, तर बल ३.५ किलोन्यूटनवर उतरते आणि जाडी ४७ मिलीमीटर लागते. पुढे वेगामुळे बल वाढणार आहे, त्यासाठी अशी मोकळीक ठेवणे शहाणपणाचे ठरते.

फोमची जात

घनता ठरली की पदार्थ ठरवावा. क्रॉसलिंक्ड पीव्हीसी फोम सर्वसाधारण कामासाठी चांगला असतो. सॅन (स्टायरीन-अ‍ॅक्रिलोनायट्राइल) या प्रकारचे फोम अधिक चिवट असतात आणि नौकांच्या तळासारख्या, वारंवार आपटणाऱ्या भागांसाठी पसंत केले जातात. पीएमआय (पॉलिमेथाक्रिलिमाइड) फोम हलकेपणाच्या मानाने फार मजबूत असतो आणि ऑटोक्लेव्हमधली (दाबाखाली तापवणाऱ्या भट्टीतली) उष्णता सहन करतो, पण महाग असतो. पेट (पीईटी, बाटल्यांचे प्लास्टिक) फोम स्वस्त व पुनर्वापराला सोयीचा असतो. मात्र तो एका दिशेने ओढून तयार होत असल्याने जाडीच्या दिशेतले आणि आडव्या दिशेतले त्याचे गुण बरेच वेगळे असतात, त्यामुळे पॅनेलमध्ये धक्का ज्या दिशेने येणार त्याच दिशेने त्याची चाचणी घ्यावी. पॉलियुरेथेन स्वस्त असतो, पण कमी घनतेला ठिसूळ असतो. फिनॉलिक फोम आगीला चांगला तोंड देतो, परंतु दाबाखाली त्याचा खाकऱ्यासारखा चुरा होतो आणि थरापासून तो सहज सुटतो.

थर्माकोल, म्हणजे विस्तारित पॉलिस्टायरीन, हेल्मेटच्या आत वापरला जातो आणि ऊर्जाशोषक म्हणून तो खरोखर चांगला आहे. परंतु त्यावर पॉलिस्टर किंवा व्हिनाइल एस्टर रेझिन कधीही लावू नये. या रेझिनमधले स्टायरीन पॉलिस्टायरीनला विरघळवते आणि वरचा थर कडक होईपर्यंत खालचा गाभा बसलेला असतो. पॉलिस्टायरीनचा गाभा वापरायचाच असेल तर इपॉक्सी घ्यावे. मकरपुऱ्यातल्या कारखान्यांत पॉलिस्टर रेझिनचे पिंप सर्वांत जवळ उभे असते, म्हणून ही सूचना कामगारांपर्यंत तोंडी न पोहोचवता पिंपावरच लिहून चिकटवावी.

नमुने कापणे, मोजणे आणि तोलणे

दाबचाचणीसाठी ५० बाय ५० बाय २५ मिलीमीटरचे नमुने सोयीचे पडतात. ते बारीक दातांच्या बँडसॉने कापावेत आणि समोरासमोरच्या बाजू सपाट लाकडावर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासून समांतर कराव्यात. तापलेल्या तारेने पीव्हीसी फोम कापू नये, कारण पीव्हीसी तापल्यावर हायड्रोजन क्लोराइडचा वायू बाहेर पडतो आणि तो फुप्फुसांना व यंत्रांना दोहोंना घातक असतो. कापताना होणारी धूळ मास्क लावून व्हॅक्यूमने ओढून घ्यावी.

प्रत्येक नमुन्याची लांबी, रुंदी व जाडी व्हर्नियरने किमान तीन ठिकाणी मोजावी, आणि व्हर्नियरचे जबडे मऊ फोममध्ये रुतणार नाहीत इतक्याच हलक्या हाताने मोजावी. या मापाच्या ८० घनतेच्या नमुन्याचे वजन अवघे ५ ग्रॅम असते. याचा अर्थ किराणा तोलणारा काटा येथे निरुपयोगी आहे आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू लागतो. नमुन्यांवर क्रमांक, शीटमधली जागा आणि जाडीची दिशा दाखवणारा बाण हे तिन्ही पेनने लिहावे. शीटच्या कडेजवळचे आणि मधले नमुने वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण घनतेतला फरक तेथेच सापडतो. एका घनतेचे किमान पाच नमुने घ्यावेत.

पावसाळ्यात वडोदऱ्याच्या दमट हवेत ठेवलेले नमुने थेट यंत्रावर चढवू नयेत. बहुतेक प्रमाणकांत २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सांगितलेली असते. तशी खोली उपलब्ध नसेल, तर निदान सर्व नमुने एकाच खोलीत आदल्या दिवसापासून ठेवावेत आणि चाचणीच्या वेळचे तापमान व आर्द्रता नोंदवावी.

संथ दाबचाचणी

कडक फोमच्या दाबचाचणीसाठी आयएसओ ८४४ आणि एएसटीएम डी १६२१ ही प्रमाणके, आणि सँडविचच्या गाभ्याला सपाट दाबण्यासाठी एएसटीएम सी ३६५ हे प्रमाणक वापरले जाते. पण येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पहिल्या दोन प्रमाणकांचा मुख्य हेतू फोमचे दाबबल काढणे हा असून, ते कमाल प्रतिबलावर किंवा दहा टक्के विकृतीवर मोजले जाते. कॅटलॉगमध्ये छापलेला आकडा तोच असतो. त्यानंतर सपाट टप्पा खरोखर सपाट राहतो, घसरतो की चढतो, आणि घनीकरण कोठे सुरू होते, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. म्हणून ऊर्जाशोषणासाठी चाचणी दहा टक्क्यांवर न थांबवता सत्तर ते ऐंशी टक्के विकृतीपर्यंत न्यावी लागते, आणि हे प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाला आधी स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर तो सवयीने यंत्र थांबवतो.

पंचवीस मिलीमीटर जाडीच्या नमुन्याला मिनिटाला अडीच मिलीमीटर हा वेग ठेवावा. या मापाच्या ८० घनतेच्या नमुन्याला सपाट टप्प्यात सुमारे साडेतीन किलोन्यूटन बल लागते, त्यामुळे १० किलोन्यूटनचा लोड सेल (बल मोजणारा घटक) योग्य ठरतो; शंभर किलोन्यूटनच्या यूटीएमवर (ताण-दाब चाचणीच्या यंत्रावर) हा नमुना दाबता येतो खरा, पण वाचन यंत्राच्या क्षमतेच्या तळाशी येते आणि सुरुवातीचा भाग विश्वासार्ह राहत नाही. घनीकरणात बल झपाट्याने वाढते, म्हणून लोड सेलच्या क्षमतेच्या खाली कमाल बलाची मर्यादा यंत्रात आधीच घालून ठेवावी. नमुना न ठेवता दोन्ही पट्ट्या एकमेकींवर दाबून यंत्राची स्वतःची लवचिकता एकदा मोजावी आणि ती नंतर विस्थापनातून वजा करावी. आलेखाच्या प्रारंभी नमुना नीट बसेपर्यंत येणारी वक्र शेपटी काढून, सरळ भाग मागे वाढवून शून्यबिंदू ठरवावा.

चाचणी चालू असताना नमुन्याकडे पाहत राहणे आवश्यक आहे. कोसळणारा थर पट्टीजवळ सुरू झाला की मध्ये, तो आडवा सरकला की तिरका गेला, कडेने तुकडे उडाले का, हे आलेखातून कळत नाही. साध्या मोबाइलने समोरून चित्रण करावे आणि चौकटीत मिलीमीटरची पट्टी ठेवावी.

आलेखातून ऊर्जा काढणे

यंत्रातून बल आणि विस्थापन यांची कच्ची नोंद घ्यावी. बलाला मूळ क्षेत्रफळाने आणि विस्थापनाला मूळ जाडीने भागून प्रतिबल व विकृती काढावी, आणि स्प्रेडशीटमध्ये समलंब पट्ट्यांच्या पद्धतीने आलेखाखालचे क्षेत्रफळ प्रत्येक विकृतीपर्यंत साठवत जावे. हा स्तंभ तयार झाला की उरलेला प्रश्न एवढाच असतो की, बेरीज कोणत्या विकृतीला थांबवायची, आणि दोन अहवालांतले आकडे जुळत नसतील तर कारण बहुतेक वेळा येथेच सापडते.

थांबण्याची जागा ठरवण्यासाठी मी कार्यक्षमतेचा स्तंभ काढण्याचा आग्रह धरतो. कोणत्याही विकृतीपर्यंत शोषलेल्या ऊर्जेला त्याच विकृतीच्या प्रतिबलाने भागले की ही कार्यक्षमता मिळते. मिल्ट्झ आणि ग्रुएनबाउम यांनी १९८१ साली वेष्टनाच्या फोमसाठी ती मांडली होती. समजा, ०.६ विकृतीपर्यंतची ऊर्जा ०.८४ आणि तेथील प्रतिबल १.६ आहे, तर भागाकार ०.५३ येतो, ०.७ ला ऊर्जा १.०३ आणि प्रतिबल २.३ झाले, तर भागाकार ०.४५ वर उतरतो. म्हणजे या दहा टक्क्यांत ऊर्जा थोडी वाढली, पण तिच्यासाठी मोजावे लागलेले बल त्याहून जास्त वाढले. कार्यक्षमता ज्या विकृतीला सर्वाधिक असते तेथे घनीकरण सुरू झाले असे मानावे आणि ऊर्जेची बेरीज तेथे थांबवावी. धातूंच्या फोमसाठी असलेल्या आयएसओ १३३१४ मध्ये सपाट टप्प्याच्या सरासरी प्रतिबलाच्या १.३ पटीला टप्पा संपला असे मानतात. तोही नियम चालतो, मात्र एका अभ्यासात एकच नियम ठेवावा आणि तो लिहून ठेवावा.

वेग वाढला की

संथ चाचणीत विकृतीचा दर सेकंदाला ०.००१७ च्या आसपास असतो. वरच्या उदाहरणातली वस्तू सेकंदाला ४.४३ मीटर वेगाने २५ मिलीमीटर फोमवर आदळली, तर सुरुवातीचा दर सेकंदाला १७७ होतो, म्हणजे सुमारे एक लाख पट. बहुलक (पॉलिमर) पदार्थ जलद ताणला असता अधिक कडक वागतो, म्हणून सपाट टप्पा वर सरकतो. शिवाय बंद पेशींतल्या वायूला निसटायला वेळ आणि वाट दोन्ही नसतात. या वायूचा वाटा साध्या सूत्राने काढता येतो: वातावरणाचा दाब गुणिले विकृती, भागिले एकातून विकृती व सापेक्ष घनता वजा केल्यावर उरणारी संख्या. ०.०६ सापेक्ष घनतेच्या फोमला ०.६ विकृतीवर हा वाटा सुमारे ०.१८ मेगापास्कल येतो. १.४ मेगापास्कलच्या पायावर ही बारा-तेरा टक्क्यांची भर आहे, आणि अधिक हलक्या फोममध्ये तिचे प्रमाण आणखी वाढते. म्हणून केवळ संथ चाचणीच्या आकड्यांवर ६ किलोन्यूटनची अट अगदी काठोकाठ पाळलेली रचना प्रत्यक्ष धक्क्यात ती अट मोडू शकते.

यासाठी पडत्या वजनाची चाचणी लागते. मार्गदर्शक दांड्यांवरून घसरणारे वजन, त्यावर बल मोजणारा सेन्सर आणि आदळण्याच्या क्षणापूर्वीचा वेग मोजणारी प्रकाशद्वारे (प्रकाशकिरण तुटल्याची वेळ नोंदवणारे सेन्सर), एवढी सामग्री पुरते. उंचीवरून काढलेल्या वेगावर विसंबू नये, कारण दांड्यांच्या घर्षणात काही ऊर्जा खर्च होते. पंधरा मिलीमीटर चुरडण्याला सात मिलीसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, त्यामुळे सेकंदाला पन्नास हजार नोंदी घेतल्या तर साडेतीनशेच्या आसपास बिंदू मिळतात आणि तेवढे पुरे होतात. वजन उसळून दुसऱ्यांदा आदळू नये म्हणून त्याला अडवणारी खीळ हवी. शोषलेली ऊर्जा म्हणजे आदळतानाची गतिज ऊर्जा वजा उसळतानाची गतिज ऊर्जा; वजन थांबले म्हणून सगळी ऊर्जा फोमने शोषली असे धरणे बरोबर नाही, कारण काही भाग लवचिकपणे परत आलेला असतो.

गाभा पॅनेलमध्ये बसल्यावर

सुट्या फोमचे आकडे हातात आले तरी काम अर्धेच झालेले असते. पॅनेलमध्ये वरचा थर, म्हणजे स्किन, धक्का पसरवतो, आणि तो किती पसरतो यावर गाभ्याचे किती घनफळ कामाला लागेल हे अवलंबून असते. अर्धगोल टोकाचे वजन पातळ स्किनवर पडले, तर ती टोकाखालीच फाटते आणि गाभ्याचा लहानसा स्तंभ चुरडतो. तीच स्किन थोडी जाड असेल तर खोल फुटीऐवजी रुंद, उथळ खड्डा पडतो आणि कितीतरी जास्त फोम कामी येतो. आरपार जाणाऱ्या धक्क्याच्या आलेखात बलाचे दोन शिखर दिसतात: पहिले वरची स्किन फुटताना, दुसरे खालची, मधला कमी-अधिक सपाट भाग गाभ्याचा असतो. प्रत्येक भागाखालचे क्षेत्रफळ वेगळे काढले की ऊर्जा कोणी किती घेतली याचा अंदाज येतो, आणि स्किनचे तंतू तुटण्यात बराच वाटा जातो हे पाहून नवशिक्याला बहुधा आश्चर्य वाटते.

गाभा आणि स्किन यांची चिकट पक्की नसेल, तर वरचे सर्व हिशेब व्यर्थ होतात. फोम घासून, धूळ व्हॅक्यूमने काढून, त्याच्या उघड्या पेशी रेझिनने भरून मगच त्यावर मॅट किंवा कापड बसवावे. अ‍ॅसिटोनने भिजलेला बोळा फोमवर फिरवू नये. वळणदार भागांसाठी चिरा पाडलेली शीट वापरली तर त्या चिरांत रेझिन भरते, वजन वाढते आणि धक्क्यात भेगा त्या कडक रेषांपासून सुरू होतात, म्हणून चाचणीचे पॅनेल प्रत्यक्ष वापरायच्या शीटचेच असावे. चिकटीची साधी परीक्षा अशी की, एका कोपऱ्यातून स्किन उचकटून ओढावी: फोमचा थर स्किनला चिकटून फाटून आला तर जोड चांगला, स्किनची आतली बाजू स्वच्छ निघाली तर जोड वाईट. आकडा हवा असेल तर एएसटीएम सी २९७ प्रमाणे सपाट ओढचाचणी घ्यावी.

पॅनेल दोन टेकूंवर ठेवून मध्ये धक्का दिला, तर गाभा चुरडण्याआधीच कर्तनाने (थर एकमेकांवर सरकवणाऱ्या बलाने) मोडू शकतो, आणि तशा वेळी पंचेचाळीस अंशांच्या आसपास तिरकी भेग एकदम जाते व पॅनेल फार थोडी ऊर्जा घेऊन निकामी होते. याचा अंदाज आधी घ्यावा. ७५ मिलीमीटर रुंद पट्टी, २० मिलीमीटर गाभा आणि प्रत्येकी २ मिलीमीटरच्या दोन स्किन असतील, तर पट्टीची एकूण जाडी २४ आणि ती व गाभा यांची बेरीज ४४ होते. ८० घनतेच्या पीव्हीसीचे कर्तनबल सुमारे १.१५ मेगापास्कल धरून १.१५ गुणिले ४४ गुणिले ७५ केले की मध्यबिंदूवरचे मोडण्याचे बल ३.८ किलोन्यूटन येते. एएसटीएम सी ३९३ मधले सूत्र हेच आहे. धक्क्याचे बल याच्या वर जाणार असेल, तर गाभा जाड करावा किंवा सॅनसारखा चिवट फोम घ्यावा. येथे केवळ दाबबल पाहून केलेली निवड फसते.

धक्क्यानंतर पॅनेल वरून निरोगी दिसते, कारण स्किन लवचिकपणे परत वर येते आणि खाली चुरडलेला फोम परत येत नाही, त्यामुळे मध्ये पोकळी राहते. नाण्याने ठोकत गेल्यास निरोगी जागी टणक आणि पोकळ जागी बोदा आवाज येतो. त्या भागाची सीमा पेनने आखावी, मग पॅनेल त्या रेषेतून बारीक करवतीने कापून आतले नुकसान प्रत्यक्ष पाहावे. जे नमुने कापून पाहिले जात नाहीत त्यांच्याविषयी ठाम विधान करू नये.

ऊन आणि आग

मे महिन्यात वडोदऱ्याचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते आणि गडद रंगाची स्किन उन्हात त्याहून खूपच जास्त तापते. पीव्हीसी फोम अशा तापमानाला लक्षणीय मऊ होतो, म्हणजे २३ अंशांना ठरवलेली जाडी दुपारी अपुरी पडू शकते. बाहेर वापरायच्या पॅनेलसाठी निदान एक नमुनासंच ६० अंशांना दाबावा आणि वरचा जेलकोट (रेझिनचा बाह्य लेप) पांढरा ठेवावा. रेल्वे किंवा बसच्या आतल्या भागांसाठी आगीचे व धुराचे निकष आधी पाहावेत. त्यांत न बसणारा फोम ऊर्जाशोषणात कितीही चांगला असला तरी त्याचा विचार तेथेच सोडावा.

अहवालात काय असावे

फोमचा पदार्थ, उत्पादकाने दिलेली व आपण मोजलेली घनता, नमुन्याचे माप आणि दिशा, तापमान व आर्द्रता, विकृतीचा दर, सपाट टप्प्याचे सरासरी प्रतिबल, घनीकरणाची विकृती व ती ठरवण्याचा नियम, त्या विकृतीपर्यंतची दर घनमीटर आणि दर किलोग्रॅम ऊर्जा, आणि नमुन्यांमधली तफावत एवढे आकडे द्यावेत. पॅनेलच्या चाचणीत आघातकाचे टोक आणि त्याचा व्यास, टेकूंची पद्धत, शिखरबल आणि कापून पाहिलेल्या छेदांची छायाचित्रे जोडावीत. सरासरीसोबत प्रत्येक नमुन्याची कच्ची बल-विस्थापन नोंद जपून ठेवावी, कारण पुढे कोणाला घनीकरणाचा वेगळा नियम लावून ऊर्जा पुन्हा काढायची झाली, तर तिचाच उपयोग होतो.